येरोळे सरांचं वय

शाळेच्या कार्यालयात उभं आयुष्य काढलेल्या बाईला माणसं कागदावरून ओळखायची सवय लागते. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, मागची शाळा. एवढं लिहून झालं की तो माणूस माझ्यापुरता पुरा होतो. मन्मथ येरोळे यांचा कागद मात्र माझ्या हातात फार उशिरा आला. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं मी त्यांना जवळजवळ रोज संध्याकाळी बघत होते, आणि त्यांच्याबद्दल माहीत करून घेण्यासारखं आता काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

ते आमच्या शाळेत नोकरीला नव्हते. नांदेडच्या बाहेर एका सरकारी कंपनीचा डेपो आहे, तिथल्या स्टोअरमध्ये ते होते. कंपनीनं त्यांना नोकरी दिली होती ती बास्केटबॉल खेळण्यासाठी. अकरा वर्षं ते सिकंदराबादला राहून कंपनीच्या संघातून खेळले. सकाळी सराव, दुपारी हजेरीपुरतं ऑफिस, संध्याकाळी पुन्हा सराव, आणि वर्षातले चार-पाच महिने या शहरातून त्या शहरात स्पर्धा. मग डावा गुडघा गेला. कंपनीनं ऑपरेशन करून दिलं आणि गावाकडं जवळ पडेल म्हणून नांदेडला बदली दिली. गाव त्यांचं उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. वडिलांचं तिथं किराणा दुकान. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी.

नांदेडला येऊन बरीच वर्षं झाल्यावर ते पहिल्यांदा मुख्याध्यापकांकडं आले तेव्हा मी तिथंच सह्या घेत उभी होते. सव्वासहा फूट उंचीचा माणूस, दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला. म्हणाला, "तुमच्या मैदानावर दोन खांब हायत. एकाची रिंग वाकलीय. मी नीट करतो. शाळा सुटल्यावर पोरांना शिकवू का?"

मुख्याध्यापकांनी विचारलं, "मोबदला काय?"

"काय नको. फक्त मैदान लग्नाला देऊ नका."

मुख्याध्यापक विचारात पडले, कारण मैदान लग्नाला देणं ही त्यांच्या हातातली एकमेव सत्ता होती. तरी हो म्हणाले. शब्द त्यांनी बहुतेक पाळला. एवढ्या वर्षांत दोनदाच मांडव पडला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी येरोळे सर एकटे मैदानात वाकून खिळे वेचत होते.

दारात वाकायची त्यांची सवय सगळ्या शाळेला पाठ होती. उंच दार असलं तरी ते वाकत. शाळेच्या मोठ्या फाटकातून ट्रक जाईल, तिथंही त्यांची मान आपोआप खाली जायची. पोरी त्यांची नक्कल करायच्या. त्यांना ते माहीत होतं.

पोरी म्हणायचं कारण, सुरुवातीला आलेली मुलं टिकली नाहीत. आमच्याकडं मुलगा जरा हुशार निघाला की आठवी-नववीतच त्याला लातूरला क्लासला पाठवतात, आणि हुशार नाही निघाला तर हुशार व्हावा म्हणून पाठवतात. मुलींना घरापासून लांब ठेवायचं म्हटलं की घरचे थोडं थांबतात. त्या थांबण्याच्या वर्षांत येरोळे सरांनी मुलींचा संघ उभा केला.

पहिला महिना ते बॉल देत नसत. मुरुमाच्या मैदानावर सुतळी लावून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचे आणि मुलींना एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत पळायला लावायचे. रेघेवर दोन्ही पाय एकदम टेकून थांबायचं. पाय सरकला की परत. एका मुलीच्या आईनं येऊन विचारलं, सर, ही नुसतीच पळून राहिली, बॉल कधी मिळणार? सर म्हणाले, "पळता सगळ्यांना येतंय. थांबता आलं की देतो." सराव संपला की ते कानडीत "साकु" म्हणायचे. म्हणजे पुरे. पहिल्या आठवड्यात कुणाला कळलं नाही, दुसऱ्या आठवड्यापासून पोरी त्या एका शब्दाची वाट बघायला लागल्या.

सामना हरला की ते मुलींशी एक अक्षर बोलत नसत. रागावून नाही. "घरी जावा, जेवा. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी खरंच बोलायचे, प्रत्येकीला तिची एकच चूक सांगायचे. दोन चुका असल्या तर दुसरी परवा.

मी या सगळ्यात शिरले ती माझ्या अक्षरामुळं. सामन्यात गुणपत्रक लिहायला कुणीतरी लागतं. येरोळे सरांनी माझं रजिस्टर पाहिलं होतं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही खाडाखोड करत न्हाई. टेबलावर बसा." मला बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी दोन संध्याकाळी बसून शिकवलं. शिवाय मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई लागते. त्यामुळं मी त्यांच्याबरोबर लातूर, परभणी, हिंगोली, किनवट अशी पुष्कळ फिरले. प्रवासात ते ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचे, सगळ्यांना वाटायचे, आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. स्वतःच्या खेळाबद्दल बोलत नसत. रिंगमध्ये बॉल टाकतानाही मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलींकडं बॉल द्यायचे, परत घ्यायचे, एवढंच.

एकदा त्यांचे सिकंदराबादचे जुने सोबती नरसिंगराव भेटायला आले. गुरुद्वाऱ्याला आले होते, वेळ काढून मैदानावर डोकावले. ते माझ्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि दक्खनी हिंदीत सांगू लागले की येरोळे म्हणजे केवढा खेळाडू होता, कुठल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यानं काय केलं. मी विचारलं, स्वभाव असाच होता का?

"असाच, मॅडम," ते म्हणाले. "लेकिन एक अजीब आदत थी इसकी. टीम का बोर्ड लगा की हम लोग अपना नाम देखते थे. ये पूछता था, बाहर किसको बिठाए? अपना नाम बाद में. हर बार. कप्तान हुआ तो भी."

सर तिकडं मुलींना रेघेवर थांबवत होते. मला ती सवय चांगुलपणाची वाटली. तसं मी नरसिंगरावांना म्हणालेही.

ऋतुजा नायगावची. तिच्या वडिलांचं, माधवरावांचं, तिथं कृषी केंद्र होतं. पोरगी उंच, म्हणून तिला नांदेडला मावशीकडं ठेवून आमच्या शाळेत सातवीत घातली होती, आणि तिच्या पाठीवरची बहीण पाचवीत. ऋतुजा चांगली खेळायची. थांबायची तर इतकी सुरेख की सर दुसऱ्या मुलींना तिचे पाय बघायला सांगायचे.

ती आठवीत गेली त्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलींची विभागीय स्पर्धा लातूरला होती. तारखेच्या हिशेबानं ऋतुजा चौदाच्या मर्यादेला तीन महिन्यांनी मोठी पडत होती. माधवराव एक दिवस कार्यालयात आले आणि त्यांनी माझ्यापुढं नवा जन्मदाखला ठेवला. त्यात ऋतुजा दीड वर्षानं लहान झाली होती. म्हणाले, पहिली तारीख गुरुजींनी अंदाजानं घातली व्हती, ही खरी. अर्जाला ही जोडा.

मी धाकट्या बहिणीची नोंद काढून बघितली. नव्या दाखल्याप्रमाणं दोघींच्या जन्मात पाच महिन्यांचं अंतर पडत होतं. मी माधवरावांना काही बोलले नाही. संध्याकाळी दाखला आणि रजिस्टर दोन्ही येरोळे सरांसमोर ठेवलं. त्यांनी बराच वेळ दोन्हीकडं बघितलं, आणि मला विचारलं, "हे तिला माहीत हाय का?"

"कुणाला?"

"ऋतुजाला."

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माधवरावांना बोलावून घेतलं. बोलणं माझ्या खोलीतच झालं, कारण तिथं जास्तीची खुर्ची होती.

"ऋतुजाला सतराखाली खेळवतो," सर म्हणाले. "चौदाच्या यादीत घेणार न्हाई."

"सर, सतराखाली तिला कोण घेतंय? तिथं दहावी-अकरावीच्या पोरी. बाकावर बसून राहील ती." माधवराव शांतपणे बोलत होते. "समोरच्या टीमा बघा तुम्ही. कुणाचं खरं वय हाय? एकाचं दाखवा. आपणच मागं का राहायचं?"

"असतील त्यांचे खोटे."

"तुमच्या टायमाला न्हवतं का हे?"

"व्हतं," सर म्हणाले. "मी बी केलंय."

मी लिहीत होते, ते थांबवलं. सर फाऊल किती झाले ते सांगावं तशा आवाजात सांगत होते. उदगीरला हायस्कुलात असताना तिथल्या खेळाच्या मास्तरांनी त्यांची तारीख दोन वर्षांनी पुढं केली. बोर्डाच्या फॉर्मवर तीच गेली. सोळा वर्षांखालच्या संघाची निवड लातूरला होती. त्यांना अठरावं लागलेलं होतं. संघ बारा जणांचा. त्यात ते आले, तिथून राज्याच्या संघात गेले, तिथून कंपनीच्या माणसानं उचललं. "मास्तरांनी केलं म्हणतो मी, पण मला माहीत व्हतं. मी काय लहान न्हवतो."

माधवरावांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही खाल्लं, आणि आता दुसऱ्याला नको म्हणायलात."

"हाव."

"मग सोडा की नोकरी. त्याच तारखेवर मिळालेली हाय ना?"

"बरोबर हाय तुमचं," सर म्हणाले.  माधवराव दाखला उचलून निघून गेले.

लातूरला आमचा चौदाखालचा संघ उपांत्य सामन्यात हरला. रिंगखाली उभं राहायला कुणी उंच नव्हतं. ऋतुजा त्याच स्पर्धेत सतराखालच्या संघात होती, आणि वडील म्हणाले होते तशी बाकावर बसून होती. त्या दिवशी येरोळे सर मुलींना "उद्या बोलू" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत. तसं पहिल्यांदाच झालं.

माधवरावांनी कंपनीला तक्रार केली. रागात केली असावी, पण नाव-सहीसकट केली. डेपोत साहेबांनी सरांना बोलावलं, मुख्यालयातून कागद मागवले, तीन-चार महिने गेले. आम्ही सगळे घाबरलो होतो. सरांच्या घरी शारदावहिनी होत्या, मुलगी इंजिनीअरिंगला विष्णुपुरीला शिकत होती. वहिनी मला एकदा भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, "ह्यांनी मला लग्नाच्या आधीच सांगितलं व्हतं. मी म्हटलं, दोन वर्षांनी काय हुतंय. मला वाटलं, माझ्यापेक्षा लई मोठे हायत म्हणून लाजून सांगायलेत."

मग एक दिवस सर कार्यालयात आले, खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं आणि मला वाचायला दिलं. इंग्रजीत होतं. मथितार्थ असा, की सेवापुस्तकातली जन्मतारीख मूळ प्रमाणपत्राशी पडताळून पाहिली, ती बरोबर आढळली, सबब तक्रारीत तथ्य नाही.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. म्हटलं, "सुटलात सर. संपलं."

"संपलं कसं?" त्यांनी पत्र परत घेतलं. "आता तर कुणी विचारणार बी न्हाई."

मला वाटलं, त्यांना जरा विश्रांती हवी आहे. तसं मी सुचवलंही. त्यांनी मान डोलावली आणि मैदानावर गेले.

पुढच्या हिवाळ्यात किनवटला एका निवासी शाळेच्या मैदानावर आमचे मैत्रीचे सामने होते. आम्ही रेल्वेनं गेलो. पहिला दिवस आटोपल्यावर, चार वाजले असतील, सर मला म्हणाले, "मॅडम, बाजारात एक दुकान शोधायचंय. येता का? एकट्यानं जायला नको वाटतंय." मला ते विचित्र वाटलं, कारण एकट्यानं जायला नको वाटणाऱ्यांतले ते नव्हते. वसतिगृहाच्या अधीक्षकांकडं त्यांनी आधीच चौकशी करून ठेवली होती.

दुकान मोटार रिवाइंडिंगचं होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी उघडून त्यात तांब्याची तार नव्यानं भरायचं. ओळीनं मोटारी मांडलेल्या, आणि मध्ये स्टुलावर पन्नाशीपुढचा एक बारीकसा माणूस तार गुंडाळत बसलेला. देवराव मडावी. सर दुकानाच्या पत्र्याखाली वाकून उभे राहिले.

"मी येरोळे. उदगीरचा. आपण लातूरला सिलेक्शनला व्हतो. सोळाखालच्या."

देवरावांनी डोळे बारीक करून बघितलं. मग हसले. "अरे, उंच येरोळे. बसा की. तुम्ही लई मोठे खेळाडू झालात म्हणून ऐकलं व्हतं." त्यांनी समोरच्या हॉटेलवाल्याला हातानंच तीन चहा सांगितले. "बोर्डावर तुमचं नाव बाराव्या नंबरला, आणि खाली रेघ, आणि रेघेच्या खाली माझं. अजून दिसतंय मला."

"तेच सांगायला आलोय," सर म्हणाले.

"काय?"

"माझं वय खोटं व्हतं. अठरावं लागलेलं व्हतं मला. ती जागा तुमची व्हती."

देवरावांच्या हातात तारेचं रीळ होतं. ते त्यांनी हळूच मोटारीवर ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस रागावेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. त्यांनी दोन्ही केलं नाही. विचारलं, "म्हणजे मी उशिरा पोचलो म्हणून न्हवं?"

"उशिरा?"

मग देवरावांनी सांगितलं. निवडीच्या दिवशी त्यांचा थोरला भाऊ त्यांना घेऊन निघाला होता. नांदेडच्या स्टँडवर भाऊ चहा प्यायला थांबला आणि लातूरची गाडी निघून गेली. पुढची गाडी तासानं. पोचले तेव्हा पहिली फेरी झालेली होती. देवराव उरलेल्या फेऱ्या खेळले, चांगले खेळले, पण यादीत रेघेच्या खाली राहिले. घरी सगळ्यांनी धरलं ते हेच, की चहानं घात केला.

"तवापासून दादाला मी सोडलं न्हाई बघा," देवराव म्हणाले. "त्याच्या लग्नात बोललो. वाटणी झाली तवा बोललो. तो चहा प्यायला लागला की आमच्या घरात अजून पोरं हसतात. त्यानं चहा सोडून दिला, सर. किती वर्षं झाली, पीत न्हाई."

चहा आला. कुणी हात लावला नाही. सर म्हणाले, "मला माफ करा, असं म्हणायला बी..." आणि तिथंच थांबले.

देवरावांचं लक्ष नव्हतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हाला ऐकू येत होता.

"दादा, कुठं हायस?"

"शेतात. काय झालं?"

"ते तुझ्यामुळं न्हवतं."

"काय न्हवतं?"

"लातूरचं. सिलेक्शनचं. गाडी चुकली म्हणून न्हवतं ते. दुसरंच कारण व्हतं. आत्ता कळलं मला."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग भावानं विचारलं, "तू दुकानातच हायस न्हवं? बरं हाय ना तुला?"

"बरं हाय."

"मग ठेव. मोटार चालू हाय इकडं."

देवरावांनी फोन खाली ठेवला. आमच्याकडं बघून म्हणाले, "त्याला समजलं न्हाई. उद्या जातो गावाकडं. समोर बसून सांगावं लागंल." मग सरांना म्हणाले, "तुम्ही चहा घ्या. तुम्ही आला न्हसता तर हे तसंच गेलं असतं." त्यात उपकार मानल्याचा सूर नव्हता, की टोमणाही नव्हता. त्यांनी पुन्हा रीळ उचललं. निघताना सरांनी हात जोडले. देवरावांनीही जोडले, तारेसकट.

परतीच्या गाडीत मुली गाणी म्हणत होत्या. सर खिडकीशी बसले होते. मुदखेड मागं गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, एक अर्ज लिहून द्या. इंग्रजीत. माझं अक्षर चांगलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद आणून दिले. त्यात त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेतला निर्गम उतारा होता, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल. जुन्या वळणाच्या अक्षरात नाव, वडिलांचं नाव, धंदा किराणा, आणि खरी जन्मतारीख. एवढ्या वर्षांनी मी त्यांचा कागद बघत होते. कुठंही खाडाखोड नव्हती.

पहिला अर्ज आम्ही तारीख दुरुस्त करून मिळण्यासाठी केला. तो परत आला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जन्मतारीख बदलता येत नाही, असा नियम आहे. डेपोचे साहेब त्यांना म्हणाले म्हणे, "अहो, लोक वय कमी करून घ्यायला येतात म्हणून तो नियम आहे. वाढवून मागणारे तुम्हीच पहिले. जाऊ द्या ना आता." मग दुसरा अर्ज लिहिला, स्वेच्छानिवृत्तीचा. खऱ्या तारखेप्रमाणं ज्या महिन्यात ते निवृत्त झाले असते, त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून. कारणाच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं. ते म्हणाले, खरं लिहा. साहेबांनी ते खोडायला लावलं आणि 'वैयक्तिक' असं घातलं.

मी त्यांना एकदाच विचारलं, की देवरावांनी तर काही मागितलं नाही, कंपनीनं तर बरोबर ठरवलं, मग हे कशाला? ते म्हणाले, "मागची वर्षं तर परत देता येत न्हाईत, मॅडम. पुढची दोन माझी न्हाईत एवढं तरी कळतंय." आणि मग, "पोरींना रेघेवर थांबा म्हणतो मी."

शारदावहिनींनी घरी काय म्हटलं ते त्यांनीच मला सांगितलं. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, दिवसभर घरात बसणार असाल तर पंख्यावरचं जाळं काढून टाका, तुम्हाला स्टूल लागत न्हाई.

निरोप समारंभ डेपोच्या शेडमध्ये झाला. मी गेले होते, आमच्या संघाच्या सात-आठ मुलीही होत्या. साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, येरोळे दोन वर्षं आधी चालले आहेत, याचं आम्हाला वाईट वाटतं. सरांना बोलायला उभं केलं. ते माइकपाशी वाकले. "साहेब म्हणाले, आधी चाललो. तसं न्हाई. मी वेळेवर चाललोय." लोकांना तो विनय वाटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर टाळ्या संपेपर्यंत थांबले, आणखी काही सांगायचं असल्यासारखे, आणि मग बसले.

माधवराव समारंभाला आले नव्हते. ऋतुजा आली होती. ती सतराखाली पुढं दोन वर्षं खेळली, राज्यापर्यंत काही पोचली नाही. बारावीनंतर लातूरला फार्मसी करते आहे. वडिलांनी तक्रार केली होती हे तिला माहीत होतं. तिनं सरांच्या पायांना हात लावला, सरांनी तिला विचारलं, "गुडघे बरे हायत ना?" ती हो म्हणाली.

नंतर येरोळे दांपत्य लातूरला लेकीकडं राहायला गेलं. आमच्या मैदानावर आता दुसरे एक सर येतात, ते पहिल्या दिवसापासून बॉल देतात. मुलींना ते आवडतं. गुणपत्रक मीच लिहिते. कधीमधी फोन व्हायचा, सणाला. तिथल्या एका शाळेत मुलींना शिकवतो, एवढं त्यांनी सांगितलं होतं.

गेल्या वर्षी मी भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला उदगीरला चालले होते. दुपारी गाडी लातूर रोड स्टेशनला थांबली. समोरच्या फलाटावर, लिंबाच्या सावलीत, निळे टी-शर्ट घातलेल्या दहा-बारा मुली पिशव्यांवर डोकी ठेवून झोपल्या होत्या. त्यांच्या कडेला बाकावर येरोळे सर बसले होते. केस पार पांढरे झालेले. मांडीवर एका मुलीचा बूट होता आणि ते त्याची तुटलेली नाडी ओवत होते. डावा पाय पुढं लांब करून ठेवलेला, फलाटाच्या निम्म्यापर्यंत.

कुणी येताना दिसलं की ते बूट बाजूला ठेवायचे, तो पाय दोन्ही हातांनी मांडीखाली धरून उचलायचे आणि आत घ्यायचे. माणूस गेला की पुन्हा तसाच उचलून बाहेर ठेवायचे. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई गेली. मग पाण्याच्या बाटल्या विकणारा गेला. मग एक कुत्रं आलं, तर त्याच्यासाठीही त्यांनी बूट बाजूला ठेवला आणि पाय उचलला.

मी खिडकीच्या गजांना हात लावून हाक मारणार होते. पण मुली झोपल्या होत्या, आणि त्यांनी नाडी पुन्हा हातात घेतली होती. माझी गाडी हलली. कुत्रं सावकाश त्यांच्यापुढून निघून गेलं, आणि सर ते पुरतं पलीकडं जाईपर्यंत पाय हातात धरून बसले होते.